ठासणीच्या बंदुकीचा घरी केलेला वॅड दर हंगामात का बिघडतो

वॅड म्हणजे बंदुकीची दारू आणि छर्रे यांच्या मध्ये ठासायची चकती किंवा बोळा. त्याबद्दल तक्रार बहुतेकांची सारखीच असते. दादर (रब्बी ज्वारी) निसवली किंवा मका भरात आला की रानडुकरं हाकलायला परवान्याची ठासणीची बंदूक बाहेर निघते. पहिले दोन बार ठीक उडतात. तिसऱ्या-चौथ्या बाराला गज (ठासायची सळई) अर्ध्यावरच अडतो, नळीत कोरडी काजळी खरखरते, आवाज फुसका येतो आणि छर्रे भलतीकडेच पांगतात. कधी टोपी (घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी कॅप) फुटते पण बार क्षणभर थांबून उडतो. मग कोणी तरी वॅडचा कपडा बदलतो, कोणी मेण जास्त लावतो, आणि काम भागतं. दोन-तीन महिन्यांनी ऋतू पालटला की पुन्हा तेच.

चोपडा, यावल, रावेरपासून शहादा-तळोद्यापर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला ज्यांच्याकडे वडिलोपार्जित ठासणीची बंदूक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. यातल्या बहुतेक बंदुका आतून गुळगुळीत नळीच्या, छर्ऱ्याच्या. आतून आटे (पिळाच्या खाचा) असलेली ठासणीची रायफल आपल्याकडे क्वचित दिसते. तिच्याबद्दल शेवटी सांगतो, कारण तिचं दुखणं थोडं वेगळं आहे.

आधी कायद्याचं, थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. परवान्यावर जेवढी दारू आणि टोप्या लिहिल्या आहेत तेवढ्याच, आणि परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायच्या. घरी दारू कुटायचा विचारही मनात आणू नका; तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं भाजून मेली आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुकरावर किंवा रोह्यावर (नीलगाईवर) नेम धरता येत नाही. पुढचं सगळं फक्त वॅडविषयी आहे.

पाराजवळ हा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: "दारू कमी पडी ऱ्हायनी भाऊ, वाढाव." हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि धोक्याचाही. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग धूर होऊन जात नाही. तो घन राख होऊन मागे राहतो, काही धुरातून बाहेर पडतो, बराचसा नळीला चिकटतो. दारू वाढवली की काजळी वाढते, काजळी वाढली की पुढचा वॅड नीट बसत नाही, वॅड नीट बसला नाही की वायू कडेने निसटतो आणि आवाज पुन्हा फुसका. म्हणजे ज्या कारणासाठी दारू वाढवली ते कारण अजून बळावतं. त्यात नळी पन्नास-साठ वर्षं जुनी, कानापाशी (टोपीची ठिणगी आत शिरते त्या भोकापाशी) गंजाने खाल्लेली असेल तर जास्तीच्या दारूचा भार ती किती सोसेल, हे वरून पाहून कोणालाच कळत नाही. बार फुसका आला तर दारूचं माप होतं तिथेच ठेवा आणि वॅडकडे बघा.

पडलेला वॅड उचलून आणा

निदानाची यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही. बार उडाल्यावर वॅड साधारण दहा-वीस पावलांवर पुढे पडतो. गव्हाची कापणी झालेलं मोकळं वावर किंवा अनेर नदीच्या काठचं वाळूचं पात्र अशा जागी उजेडात दोन-तीन बार टाकून पाहा, मागे मातीचा बांध असेल अशा बाजूला, आणि मग पुढे जाऊन चकत्या गोळा करा. प्रत्येक चकती तळहातावर घेऊन दोन्ही बाजूंनी निरखा.

कड एकाच बाजूने काळी झाली आहे आणि बाकीची कड स्वच्छ आहे? मग चकती नळीत तिरपी गेली किंवा कापतानाच तिरपी कापली गेली. वायू त्या एका फटीतून निसटला. कड सगळीकडून सारखी जळाली आहे तर चकती मापाला लहान आहे. मधोमध भोक पडून आरपार जळाली आहे तर दारू आणि नरम वॅड यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चकती नव्हती, किंवा होती ती फारच पातळ होती. चकतीचे पापुद्रे सुटले असतील तर माल विरळ आहे किंवा डिंकाने थर चिकटवले होते. सापडलीच नाही, फक्त चिंध्या सापडल्या, तर तो माल वॅडच्या लायकीचाच नाही. चकती धडधाकट आहे, कड जेमतेम करपलेली आहे, पण नळी मात्र कोरडी खरखरीत, तर वंगण कमी पडतंय किंवा फार कडक आहे. आणि दारूकडची बाजू तेलकट असून तिला न जळालेल्या दारूचे काळे खडे चिकटले असतील, तर वंगण पाझरून दारूत गेलं. बार थांबून उडतो तो बहुधा यामुळे.

चांगली चकती कशी दिसते? दारूकडून तांबूस-काळी, पण बोटाने दाबली तर अजून लवचिक. कड सगळीकडून एकसारखी चोपलेली. छर्ऱ्याकडच्या बाजूला छर्ऱ्यांचे बारीक खळगे. अशी चकती हातात आली की बाकी काही बदलू नका.

माल: लोकर की लोकरीसारखं दिसणारं काही?

वॅडला लोकर लागते. याचं कारण साधं आहे. लोकर आचेत करपते, पण आच हटली की बहुधा विझते. कापूस तसा नाही. कापूस आत धुमसत राहतो, वरून विझलेला वाटला तरी. खान्देशात कापूस घरोघरी, त्यामुळे बोळा करायला हात आधी कापसाकडेच जातो. कापसाचा, गोणपाटाचा, रद्दीच्या कागदाचा किंवा केळीच्या खोडाच्या धाग्याचा बोळा नळीतून धुमसत बाहेर पडतो आणि वाळल्या गवतात जाऊन पडतो. फाल्गुन-चैत्रात शेतात कडब्याच्या गंज्या उभ्या असतात, गव्हाचं काड पडलेलं असतं, आणि पहाटेचा वारा सुटलेला असतो. रात्री बार टाकला, घरी येऊन झोपलो, आणि पहाटे शेजारच्या गंजीतून धूर, असं होऊ द्यायचं नसेल तर वनस्पतीच्या धाग्याचा सुटा बोळा बंद करा. केळीच्या धाग्याचं सध्या बरंच कौतुक चालू आहे आणि दोरी, कापड, कागदासाठी तो चांगलाच आहे, पण बंदुकीच्या नळीत त्याला जागा नाही.

लोकर कुठून आणायची? आपल्याकडे सर्वांत सोपी वस्तू म्हणजे धनगर-ठेलाऱ्यांकडची जुनी घोंगडी. नवी असेल तर विण विरळ असते आणि चकतीचे पापुद्रे सुटतात, म्हणून ती आधी आटवून घ्यायची. कढत पाण्यात रिठे उकळून त्या पाण्यात घोंगडीचा तुकडा बुडवा, दगडावर चांगला चोळा, पिळा, पुन्हा कढत पाण्यात घाला. लोकरीचे धागे एकमेकांत अडकून कापड आटतं, जाड आणि घट्ट होतं. विणीची भोकं उजेडासमोर धरून दिसेनाशी झाली की झालं. सावलीत वाळवा.

याहून चांगला माल म्हणजे नमदा, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो. विणलेला नसून दाबून केलेला असल्यामुळे त्याला थरच नसतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याच्या सामानाची दुकानं लागतात. तिथे चौकशी करावी. तुकडा जाड मिळाला तर एकाच चकतीत काम भागतं.

फसगत होते ती 'फेल्ट' म्हणून दुकानात मिळणाऱ्या रंगीत कापडाने. शाळेच्या हस्तकलेसाठी मिळतं ते बहुतेक वेळा पॉलिस्टर किंवा ॲक्रिलिक असतं. ते नळीत वितळतं आणि आतल्या भिंतीला चिकटून बसतं. कापड घेताना एक धागा ओढून दुकानाबाहेर काडी लावून बघा. लोकरीचा धागा नाइलाजाने जळतो, केस जळल्याचा वास येतो, आणि टोकाला राहिलेली काळी राख चिमटीत धरली की भुगा होते. कृत्रिम धागा आक्रसतो, गळतो आणि टोकाला टणक मणी होतो. तो चिमटीत फुटत नाही. मणी झाला की ते कापड परत द्या, रंग कितीही छान असू दे. लोकर आणि कृत्रिम धागा मिसळलेलं ब्लँकेटही चालत नाही. त्यात भुगा आणि मणी दोन्ही दिसतात.

दारूवरची कडक चकती मात्र पुठ्ठ्याचीच. पुस्तकबांधणीवाल्याकडे मिळतो तो घट्ट पुठ्ठा साधारण तीन मिलीमीटर भरेल असा घ्या, किंवा पातळ असेल तर दोन चकत्या एकावर एक ठेवा. खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा नको. त्याच्या पोकळीतून वायू शिरतो. छर्ऱ्यांवरची शेवटची चकती पातळ लागते, एक मिलीमीटरपेक्षा जास्त नको. तिला जुन्या लग्नपत्रिका उत्तम, फक्त वर प्लास्टिकचा चकचकीत थर असलेल्या नकोत.

वंगण: खरी गोम इथे आहे

माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या दहातल्या बहुतेक तक्रारी वंगणाच्या असतात, आणि त्या परत परत येतात त्याला खान्देशाची हवा कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात ठेवलेली लोखंडी नळी त्याहून किती तरी जास्त तापते, हात लावत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे तर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. वर्षभर एकच वंगण वापरलं तर ते उन्हाळ्यात पातळ होऊन दारूत झिरपणार आणि हिवाळ्यात खडूसारखं कडक होणार. कडक झालेलं वंगण काजळी मऊ ठेवू शकत नाही, आणि तेच तर त्याचं काम आहे.

नुसतं खोबरेल लावणारे बरेच आहेत. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर ते पातळच. बार भरून बंदूक भिंतीला टेकवून ठेवली की तासाभरात खोबरेल दारूत. (भरलेली बंदूक तशी ठेवूच नये, हे वेगळं.)

मेण आणि तेल यांचं मिश्रण करा. मेण मधमाशीचं. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यातही ते अंग धरून राहतं. किराणा दुकानातलं मेण किंवा मेणबत्ती म्हणजे पॅराफिन, ते खनिज तेलातून येतं. काळ्या दारूच्या काजळीत खनिज तेल मिसळलं की डांबरासारखा चिवट राप तयार होतो. म्हणून इंजिन ऑइल, ग्रीस, पेट्रोलियम जेली, यातलं काहीही वॅडला लावू नका. नळी धुऊन वाळवल्यावर गंज येऊ नये म्हणून हलका हात द्यायला ते तेल ठीक, पण बार भरण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून काढायचं.

सातपुड्यात मध काढणाऱ्यांकडे आग्या मोहोळाचं मेण मिळतं, पण ते कच्चं असतं. ते स्वच्छ करायची पद्धत: पातेल्यात पाणी घेऊन त्यात मेणाचे तुकडे घाला, मंद आचेवर वितळू द्या, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी पाण्यावर पिवळी वडी तरंगत असते. ती उलटी करा; खालच्या बाजूला करड्या गाळाचा थर असतो, तो सुरीने खरवडून काढा. मेळघाटात, सातपुड्यात कुठेही गेलात तरी चांगल्या मेणाला मधाचा वास असतोच, आणि नख मारलं तर ते चुरत नाही, वळतं. पॅराफिनचे कपचे उडतात.

तेलात माझी पसंती एरंडेलाला. ते जाड असतं, नळीला धरून राहतं आणि काजळी मऊ ठेवतं. नसेल तर तिळाचं किंवा शेंगदाण्याचंही चालतं, फक्त केलेलं वंगण फार दिवस ठेवलं तर खवट होतं. मीठ असलेलं काही, म्हणजे खारवलेलं लोणी वगैरे, अजिबात नको. मिठाने नळी गंजते. बाहेरच्या देशांत यासाठी प्राण्यांची चरबी सर्रास वापरतात. आपल्याकडे अनेक घरांत ती चुलीवर चढणार नाही, आणि वंगणाच्या चरबीवरून १८५७ मध्ये काय पेटलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मेण आणि एरंडेल असल्यावर चरबीवाचून काही अडत नाही.

प्रमाण मी असं ठेवतो: होळीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत मेण आणि तेल वजनाने समसमान. दिवाळीनंतर थंडीत एक भाग मेणाला दोन भाग तेल. पावसाळ्यात या दोन्हींच्या मधलं. हे काही दगडावरची रेघ नाही, तुमच्या मेणावर आणि तेलावर थोडं इकडे-तिकडे होईल, म्हणून बार न टाकता करायच्या दोन परीक्षा सांगतो.

उन्हाळी परीक्षा: वंगण लावलेल्या चार चकत्या वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून पत्र्याच्या डब्यात घाला आणि डबा दुपारभर गच्चीवर ठेवा. संध्याकाळी उघडा. चकतीखाली कागदावर तिच्याच आकाराचा फिका डाग असेल तर ठीक. डाग चकतीबाहेर बोटभर पसरला असेल तर मेण वाढवा. हिवाळी परीक्षा: चकत्या रात्री ओट्यावर उघड्या ठेवा आणि पहाटे उठल्या उठल्या चिमटीत धरून दुमडा. वाकली आणि परत सरळ झाली तर उत्तम. वंगणाला पांढऱ्या चिरा गेल्या किंवा पापुद्रा निघाला तर तेल वाढवा.

मेण थेट आचेवर कधी वितळवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान पातेलं, तसं करा. आणि त्या खोलीत दारूची डबी, टोप्या काही म्हणजे काही नको. वितळलेल्या वंगणात चकती सगळी बुडवून ठेवायची गरज नाही. चिमट्याने धरून कड फिरवून घ्या, दोन्ही बाजू एकदा टेकवा, आणि गरम आहे तोवर दोन फळ्यांत दाबून जास्तीचं काढा. हाताला ओलसर लागावी, पण बोटावर थेंब येऊ नये. पुठ्ठ्याच्या चकतीला मात्र वंगणाचा थेंबही लावायचा नाही. तीच दारू आणि वंगण यांच्या मधली भिंत आहे.

माप आणि पंच

माप घेण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. घोडा खाली, निप्पलवर (टोपी बसवतात त्या बोंडीवर) टोपी नाही. गज तळापर्यंत घालून नळीच्या तोंडाशी बोट धरा, बाहेर काढून नळीच्या बाजूने लावा; टोक कानापर्यंत पोचत असेल तरच नळी रिकामी. नाही पोचलं तर आत जुना बार आहे असंच समजा आणि जाणकाराकडे न्या. आजोबांच्या काळचा बार भरून राहिलेल्या बंदुका अजून घराघरांत सापडतात.

बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलीमीटर, सोळाचा १६.८, विसाचा १५.६. पण जुनी नळी या कुठल्याच आकड्यात बरोबर बसत नाही, शिवाय गज घासून घासून तोंडाशी ती मोठी झालेली असते. व्हर्नियरने तोंडाशी घेतलेल्या मापाच्या भरवशावर राहू नका. पुठ्ठ्याची चकती कापून गजाने आत सरकवा: तोंडाशी घट्ट आणि चार बोटं आत गेल्यावर सैल, किंवा याच्या उलट, हे हाताला कळतं. आतल्या मापाला जी सगळीकडे एकसारखी घासत जाते ती पुठ्ठ्याची योग्य चकती. लोकरीची त्याहून साधारण अर्धा मिलीमीटर मोठी ठेवा, कारण ती दबते.

चकत्या कापायचा पंच लेथवाल्याकडून करून घ्या. त्याला एवढंच सांगा: धार बाहेरच्या बाजूने काढायची, आतली भिंत सरळ ठेवायची आणि वर किंचित मोकळी करायची. धार आतून काढली तर चकतीची कड उतरती होते आणि तिरपी बसते. बाजूला एक खाच ठेवायला सांगा, म्हणजे अडकलेली चकती खिळ्याने ढकलता येते. मग लोहाराकडून धारेला पाणी देऊन घ्या. कापताना खाली बाभळीचा ओंडका उभा ठेवून त्याच्या कापलेल्या तोंडावर माल ठेवा, लाकडाच्या रेषा उभ्या येतील असा. फरशीवर ठोकलात तर एका दिवसात धार जाईल. एकच सरळ घाव. दोनदा ठोकलं की कड दुहेरी होते.

भरताना

क्रम असा: मापाने दारू, त्यावर कोरडी पुठ्ठ्याची चकती, मग वंगण लावलेली लोकरीची (बारा बोअरला सगळी मिळून साधारण बारा-तेरा मिलीमीटर जाडी, घोंगडीच्या तीन-चार चकत्या सुट्याच एकावर एक ठेवा, चिकटवू नका), मग छर्रे, मग पातळ चकती. घट्ट चकती आत जाताना खालची हवा कोंडते. पातळ चकतीला कडेला दाभणाने एक बारीक भोक पाडा, म्हणजे हवा निघून जाते आणि चकती परत वर सरकत नाही. छर्ऱ्यांच्या नक्षीत मधोमध मोकळी जागा पडत असेल तर वरची चकती जाड आहे, किंवा लोकरीचा एकसंध जड वॅड छर्ऱ्यांच्या मधून घुसतो आहे. पातळ पत्रिका वापरा आणि लोकरीचा वॅड दोन-तीन सुट्या चकत्यांचा करा.

वॅड दारूला टेकलाच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर तो अडथळा ठरतो आणि नळी त्या जागी फुगते किंवा फुटते. तुमच्या नेहमीच्या मापाला गजावर चाकूने खूण करून ठेवा आणि प्रत्येक बाराला ती खूण नळीच्या तोंडाशी येते की नाही बघा. गज मध्येच अडला तर हातोडीने ठोकू नका.

बार उडाल्यावर लगेच दुसरी दारू ओतू नका. ओलसर फडकं गजाला लावून एकदा तळापर्यंत फिरवा, मग कोरडं. नळीत एखादी ठिणगी शिल्लक असेल तर ती तिथेच विझते. दारू नेहमी एका बाराच्या मापातून ओता, मोठ्या डबीतून थेट कधीच नाही, आणि तोंड नळीवर नको. टोपी फुटूनही बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून चांगला मिनिटभर थांबा. वंगणाने ओली झालेली दारू उशिरा पेट घेते.

नुसता आवाज करायचा म्हणून छर्रे न घालता बार टाकणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. वॅड हाही नळीतून सुटणारा माल आहे. जवळून तो माणसाचा डोळा घेऊ शकतो, कुत्र्याला किंवा गुराला जखमी करू शकतो. रात्री केळीच्या बागेत पाण्याची बारी धरायला कोण कुठे उभं आहे ते दिसत नाही. आधी हाक मारा, उत्तर येईपर्यंत थांबा.

आटे असलेली रायफल असेल तर

तिच्यात गोळी कापडाच्या चिंधीत गुंडाळून ठासतात, आणि लोकरीचा पातळ वॅड दारू व चिंधी यांच्या मध्ये, चिंधी जळू नये म्हणून घालतात. पडलेली चिंधी उचलून बघा: मधोमध जळाली असेल तर वॅड घाला किंवा जाड करा, साधारण तीन मिलीमीटर पुरतो. गोळीच्या कडेने आट्यांच्या रेषांवर फाटली असेल तर वॅडचा दोष नाही, नळीच्या तोंडाची कड धारदार आहे किंवा कापड कच्चं आहे. इथे कापड सुती चालतं, कारण ते घट्ट विणीचं आणि वंगणात भिजलेलं असतं. गादीचं पट्ट्यापट्ट्याचं कापड चांगलं. फक्त नवं असेल तर खळ निघेपर्यंत धुवा. खळ असलेल्या कापडात वंगण मुरत नाही.

पावसाळ्यात ठेवणी

मृग लागला की चकत्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थराथरात कागद घालून ठेवा. पुठ्ठ्याच्या चकत्या वेगळ्या डब्यात. त्या दमट हवेत फुगतात आणि वंगणाच्या डब्यात ठेवल्या तर तेल ओढून घेतात. मग भिंतीचं काम त्यांच्याकडून होत नाही. पोळ्याच्या सुमारास एकेक काढून नळीत सरकवून पाहा. ज्या अडतात त्या उन्हात वाळवून पुन्हा तपासा, तेलकट झालेल्या फेकून द्या. आणि बार टाकला त्याच संध्याकाळी, कितीही दमलेले असा, नळी कढत पाण्याने धुवा. राखेतले क्षार हवेतलं पाणी ओढतात, श्रावणात तर सकाळपर्यंत आत तांबडा गंज धरतो, आणि गंजाने खडबडीत झालेल्या नळीत कुठलाही वॅड नीट बसत नाही.